माईक कुणाच्या हातात, कात्री कुणाच्या हातात: मुंबईत स्त्रीवादी पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी

"आम्हाला पॉडकास्ट सुरू करायचाय, कुठला माईक घेऊ?" हा प्रश्न मला कुर्ल्याच्या वस्तीतल्या मुलींनी विचारलाय, डोंबिवलीच्या भिशी मंडळातल्या काकूंनी विचारलाय आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलग्यांनीही. माईकचं सांगतेच, पण जरा पुढे. मी आधी काही वर्षं रेडिओवर कॅज्युअल (गरजेपुरती बोलावली जाणारी) निवेदिका होते, नंतर बायकांच्या गटांबरोबर रेकॉर्डिंगचं काम करू लागले. एवढ्या काळात मला एक गोष्ट पक्की कळली. विषय बाईचा असला तरी प्रश्न कोण विचारतं, कुठलं वाक्य कापायचं हे कोण ठरवतं आणि मानधन कुणाच्या हातात पडतं, यावर तो कार्यक्रम कुणाचा हे ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच नजरेने सांगणार आहे.

पहिली पायरी: महिनाभर फक्त ऐका आणि मोजा

एक वही घ्या. रोज ऐकता ते दोन-तीन पॉडकास्ट, एखादा एफएमवरचा सकाळचा शो, एखादी चर्चा निवडा. फोनवरचं घड्याळ लावून बाई किती मिनिटं बोलली आणि पुरुष किती, ते लिहा. मग बाई कोणत्या नात्याने बोलली ते लिहा: डॉक्टर, वकील, संघटक म्हणून, की कुणाची आई, कुणाची बायको, घडलेल्या गोष्टीची साक्षीदार म्हणून? शेवटच्या रकान्यात कुणाचं वाक्य मध्येच तोडलं गेलं ते टिपा. हा शेवटचा रकाना सगळ्यात लवकर भरतो.

हे मोजणं काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९९५ पासून दर ५ वर्षांनी जगभरचे स्वयंसेवक एक दिवस ठरवून बातम्यांमधली माणसं मोजतात. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट असं त्या उपक्रमाचं नाव. ज्यांच्याविषयी बातमी आहे किंवा ज्यांचं म्हणणं बातमीत घेतलंय, अशांत १९९५ मध्ये १७ टक्के बायका होत्या. २०२० मध्ये त्या २५ टक्के झाल्या. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची वाढ. आमच्या गटातल्या मुलींनी स्वतःच्या वहीतले आकडे या आकड्यांशेजारी मांडले, तेव्हा काय बदलायचं ते मला सांगावंच लागलं नाही.

मोजताना जात, भाषा, वस्ती हेही रकाने ठेवा. सगळ्या बायका दादर, पार्ले आणि ठाण्याच्या ठरावीक घरांतून आलेल्या असतील, तर बाई-पुरुष हिशेब बरोबर येऊनही अर्धं शहर बाहेरच राहिलेलं असतं.

दुसरी पायरी: या शहरात आपल्याआधी कोण बोललं ते माहीत करून घ्या

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून काँग्रेस रेडिओचं गुप्त प्रसारण सुरू झालं. ४२.३४ मीटरवर, "भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून" अशी स्वतःची ओळख देत. त्यामागच्या गटात उषा मेहता होत्या, वय वर्षं २२, विल्सन कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेल्या. पोलिसांना थांग लागू नये म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवावा लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला त्या पकडल्या गेल्या आणि पुढे येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. सुटल्यावर मुंबई विद्यापीठात शिकवलं. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. हा इतिहास शाळेत आपल्याला एका ओळीत उरकून सांगतात. मी गटात तो सविस्तर सांगते, कारण "बायकांना मशीनमधलं काही कळत नाही" असं कुणी म्हणालं की या शहराकडे त्याचं ८० वर्षांहून जुनं उत्तर आहे.

आणखी एक उदाहरण मला फार जवळचं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून मुलाखती घेतल्या आणि त्यांतून उभा राहिलेला इतिहास १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आला. सभेत भाषणं करणाऱ्या, सत्याग्रहात उतरणाऱ्या या बायकांच्या आठवणी तोवर कुणी मागितल्याच नव्हत्या. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये पहिल्यांदा छापून आला. पण घरोघरी जाऊन, समोर बसून, बाईला तिच्या शब्दांत बोलू देण्याचं काम आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. आपण त्याच वाटेवर आहोत.

आकाशवाणी मुंबईवरच्या 'वनिता मंडळ'चं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरातला रेडिओ एरवी वडिलांच्या बातम्यांचा आणि भावाच्या क्रिकेटचा, पण त्या वेळेपुरता आईचा असायचा. मात्र ऐकणारी बाई घरातच असणार, हे त्या वेळेतच गृहीत धरलेलं होतं. तुमची श्रोती कोण आहे, ती किती वाजता मोकळी असते आणि कानात इयरफोन घालायला तिला घरात मोकळीक आहे का, हे तुम्हीही पहिल्याच बैठकीत ठरवा.

तिसरी पायरी: पॉडकास्ट की रेडिओ

थोडक्यात सांगते. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत आणि तिथली वेळ विकत घेणं गटाला परवडत नाही. कम्युनिटी रेडिओचा परवाना एकट्या माणसाला मिळत नाही. आधी तो फक्त शिक्षणसंस्थांना मिळे, २००६ पासून ना-नफा संस्थांनाही मिळू लागला. प्रसारणाची ताकद सहसा १०० वॉटपर्यंत, आवाका काही किलोमीटरचा. २०२४ च्या सुधारित नियमांत सल्लागार समितीत निम्म्या बायका असाव्यात असं आलं, ही आपल्या कामाची गोष्ट. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तेलंगणात झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी २००८ पासून चालवलेला संगम रेडिओ आहे. जमलं तर यातलं एखादं केंद्र प्रत्यक्ष पाहून या. मुंबईत नवीन गटाने परवान्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पॉडकास्टपासून सुरुवात करा आणि विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या रेडिओ केंद्राकडे तुमचे तयार भाग घेऊन जा.

पॉडकास्टला परवाना लागत नाही, पण कायदा लागतो. त्याबद्दल पुढे.

चौथी पायरी: कामं फिरती ठेवा

बहुतेक गट इथेच चुकतात. बोलायला बायका, आणि रेकॉर्डिंग-एडिटिंग कुणाच्या तरी भावाकडे किंवा मित्राकडे. तो मनाने चांगला असतो, फुकट करून देतो, आणि तीन महिन्यांत कार्यक्रम त्याच्या वेळापत्रकावर चालायला लागतो. कुठला हुंदका ठेवायचा, कुठला शांत क्षण "कंटाळवाणा" म्हणून उडवायचा, हे तो ठरवू लागतो.

म्हणून गटातल्या निदान तिघींनी एडिटिंग शिकायचंच. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. कापणं, जोडणं, आवाजाची पातळी सारखी करणं आणि फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं), एवढ्या चार गोष्टी आल्या की पहिला भाग तयार होतो. आमच्या गटात घरकाम करणाऱ्या एक ताई आहेत, वय पन्नाशीचं. त्यांनी आयुष्यात लॅपटॉपला हात लावला नव्हता. आज आमच्यात सगळ्यात बारीक कान त्यांचा आहे. श्वास कुठे तोडला की बोलणं खोटं वाटतं, ते त्या डोळे मिटून सांगतात.

दर दोन भागांनंतर कामं बदला. सूत्रसंचालन, प्रश्न काढणं, रेकॉर्डिंग, कापणं, हिशेब, सोशल मीडिया. हिशेब आणि चहा यांतली वाटणीही नीट बघा, कारण संघटनांमध्येही चहा ठरावीक हातांनीच होतो.

पैशांचं पहिल्या दिवशी बोला. रोजंदारीवरची बाई तुमच्याकडे दोन तास बोलायला आली तर तिचा खाडा होतो. प्रवासखर्च आणि खाड्याचे पैसे द्यायलाच हवेत, आणि ते रेकॉर्डिंगच्या आधी, म्हणजे "छान बोललात म्हणून" दिल्यासारखं होत नाही. प्राध्यापिकेला जेवढं मानधन, तेवढंच तिला. गटाकडे पैसे नसतील तर भाग कमी करा. जाहिराती घ्यायची वेळ आली तर कुठल्या घ्यायच्या नाहीत याची यादी आधीच करून ठेवा. आमच्या यादीत सगळ्यात वर गोरेपणाची क्रीम आहे.

पाचवी पायरी: माईक, जागा आणि 'गोड' आवाज

आता तो माईक. सुरुवातीला फोन आणि वायरचा कॉलर माईक पुरतो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दोन हजारांच्या आत काम भागतं. तिथे दुकानदार "मॅडम, कुणासाठी घ्यायचाय?" असं विचारेल. "माझ्यासाठी" म्हणा आणि दुकानातच रेकॉर्ड करून, इयरफोनवर ऐकून मग घ्या. पुढे पैसे जमले तर डायनॅमिक माईक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर माईक शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा टिपतो.

मुंबईत शांत जागा मिळत नाही, ती तयार करावी लागते. साड्यांचं उघडं कपाट पाठीमागे, समोर दोरीवर दोन गोधड्या, खाली सतरंजी. दहा बाय दहाच्या खोलीत याहून चांगला स्टुडिओ मी पाहिलेला नाही. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (आणि रेकॉर्डिंग संपल्यावर ते परत लावायची जबाबदारी एकीकडे). दुपारी दोन ते चार ही वस्तीतली त्यातल्या त्यात शांत वेळ. पाऊस पत्र्यावर असेल तर त्या दिवशी रेकॉर्डिंग नको. सगळं आटोपलं की अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. कापलेल्या जागा सांधायला तो लागतो.

तोंड माईकपासून एक वीत लांब, किंचित बाजूला. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईलमध्ये. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तासाभराची २४ बिट मोनो (एकाच वाहिनीची) फाईल साधारण अर्ध्या जीबीची होते, तेव्हा फोनमध्ये जागा आधी बघून ठेवा.

आवाजाच्या राजकारणावर मात्र जरा थांबते. रेडिओवर असताना एका निर्मात्याने मला सांगितलं होतं, "रात्रीच्या कार्यक्रमात जरा गोड बोल, सकाळी जरा हसून बोल." बरोबरच्या पुरुष निवेदकाला हे कुणी कधी सांगितलं नाही. त्याचा आवाज म्हणजे आवाज, माझा म्हणजे सजावट. त्या काळात मी खरोखर आवाज बदलून बोलले आणि घरी आल्यावर माझा घसा दुखायचा.

बायकांचा आवाज 'किनरा', 'कर्कश' ठरवण्यात यंत्रांचाही हात आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ मध्ये. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. 'स', 'श', 'च' यांसारख्या व्यंजनांची बरीचशी धार त्याच्या वर असते आणि बायकांच्या बोलण्यात ती आणखी वर सरकते. पट्टा कापला की बाईचं बोलणंच जास्त पुसट होतं. अमेरिकेत रेडिओच्या पहिल्या दशकात बायकांचे आवाज कर्कश म्हणून तक्रारी झाल्या. अरुंद पट्ट्यातून बायकांचं बोलणं कमी कळतं, हे १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये तपासलंही गेलं, पण दोष यंत्राऐवजी बायकांच्या आवाजाला दिला गेला.

म्हणून एडिट करताना पुरुषी आवाजासाठी बनवलेली 'रेडिओ व्हॉइस' सेटिंग डोळे झाकून लावू नका. ८० हर्ट्झच्या खालचं काढा, म्हणजे रस्त्याची घरघर जाईल. 'स' टोचत असेल तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान डी-एसर ('स'ची धार कमी करणारं साधन) हलका लावा. बाकी आवाज आहे तसा राहू द्या. पारलिंगी मैत्रीण बोलायला आली, तर तिच्या आवाजाची उंची 'दुरुस्त' करायचा विचारही नको. कसं ऐकू यावं हे ती सांगेल.

हीच गोष्ट बोलीची. स्वरचाचणीत 'न' आणि 'ण' वरून उमेदवार बाद होताना मी पाहिले आहेत. तुमच्या कार्यक्रमात पानी म्हणणारी बाई पानीच म्हणेल. आगरी, मालवणी, वऱ्हाडी, हिंदीमिश्रित धारावीची मराठी, सगळ्या चालतील. सूत्रसंचालिकेने पाहुणीचं वाक्य प्रमाण मराठीत पुन्हा सांगायचं नाही. ऐकणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही तर तो शोधेल.

सहावी पायरी: संमती, आणि मी केलेली चूक

या पायरीवर हवा तेवढा वेळ घालवा. बाकीचं सगळं घाईत केलंत तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी एका ताईंनी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आमच्याकडे बोलायचं ठरवलं. आम्ही नाव बदललं, वस्तीचं नाव काढलं, कागदावर सही घेतली आणि भाग प्रसिद्ध केला. आठवड्याने त्यांच्या शेजारणीने त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "तू बोललेलं ऐकलं मी." मागे देवळाची घंटा होती, गल्लीत ओरडणारा मीठवाला होता, आणि त्या दर दोन वाक्यांनी "काय सांगू तुला" म्हणायच्या. ओळखीच्या माणसाला एवढं पुरलं. भाग आम्ही त्याच रात्री उतरवला, पण तोपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला होता. पुढचे दोन महिने त्या माहेरी राहिल्या. सही कागदावर होती, पण त्या सहीचा अर्थ त्यांना समजावून सांगण्याचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे.

संमती तीनदा घ्यायची. रेकॉर्डिंगच्या आधी विषय आणि प्रश्न सांगून. रेकॉर्डिंग झाल्यावर, "आता यातलं काय ठेवू नको?" असं विचारून. आणि एडिट केलेला भाग त्यांना पूर्ण ऐकवल्यावर. तिसऱ्या वेळी नाही म्हटलं तर भाग रद्द. का, हे विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही. दिलेले पैसे परत घ्यायचे नाहीत.

समजावताना 'इंटरनेट' असा शब्द वापरून भागत नाही. "हे तुमच्या सासूच्या फोनवर आलं तर? मुलाच्या वर्गातल्या पोराने लावलं तर? पाच वर्षांनी तुमच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कुणी काढलं तर?" असं थेट विचारायचं. विचारताना जीभ अडखळते, तरी विचारायचं.

ओळख लपवायची असेल तर आवाज मशीनने जाड-बारीक करून भागवू नका. तसा बदललेला आवाज पुन्हा मूळ पातळीवर आणता येतो, आणि बोलण्याची लकब तर बदलतच नाही. त्यापेक्षा त्यांचे शब्द गटातल्या दुसरीने वाचावेत, आणि हे वाचन आहे हे श्रोत्यांना सांगावं. मागचे आवाज, पोरांची नावं, कामाच्या ठिकाणचा तपशील, ठेवणीतला वाक्प्रचार, सगळं तपासा. गटाबाहेरच्या पण त्याच वस्तीतल्या, विश्वासाच्या एका बाईला आधी ऐकवा. तिने ओळखलं तर काम अजून बाकी आहे.

मुलाखतीच्या खोलीत घरचा पुरुष नको. "मी फक्त बसतो" म्हणणाऱ्या दिरालाही चहाला बाहेर न्या. प्रश्न "तुम्ही सहन का केलंत?" असा कधीच नको. "मग तुम्ही काय केलंत?" असं विचारा. या प्रश्नाला बायका केवढं सांगतात! लपवून ठेवलेले पैसे, शेजारणीशी ठरवलेली खूण, शाळेच्या बाईंना दिलेली चिठ्ठी. बोलताना त्या रडल्या तर रेकॉर्डर बंद करा. ते रडणं भागात ठेवायचं की नाही हे त्यांनीच, आणि दुसऱ्या दिवशी ठरवायचं.

मुलाखतीला जाताना नंबरांची चिठ्ठी जवळ असू द्या: महिला हेल्पलाईन १८१, मुंबई पोलिसांची १०३, तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला आणि बालकांसाठीचा विशेष कक्ष अनेकींना माहीत नसतो. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात. चिठ्ठी सरळ हातात देऊ नका. ती घरी सापडली तर काय, हे विचारून मग द्या. नंबर पाठ करून घेतलेला बरा.

लोकलच्या लेडीज डब्यातले आवाज सगळ्यांना हवे असतात. ५ मे १९९२ ला चर्चगेटहून पहिली लेडीज स्पेशल सुटली, तेव्हापासून त्या डब्यांत कितीतरी मैत्रिणी जुळल्या. भाजी निवडणं, हळदीकुंकू, भजन, भांडण, सगळं तिथे चालतं. पण डबा मोकळा असला तरी तिथलं बोलणं मोकळं नाही. लपवून रेकॉर्ड केलेला एकही शब्द वापरायचा नाही. गाडीचा, दरवाज्याचा, उद्घोषणेचा आवाज घ्या, आणि बोलणं हवं तर विचारून, माईक दाखवून घ्या.

सातवी पायरी: कायद्याच्या चार गोष्टी

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आधी ते भारतीय दंड संहितेचं कलम २२८ क होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसतं नाव नाही, ओळख पटेल असा कुठलाही तपशील नको, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात स्पष्ट केलं. हे कलम आकाशातून पडलेलं नाही. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप उभा राहिला, आणि त्या आंदोलनातून १९८३ ची कायदा दुरुस्ती आली. बायकांनी मिळवलेलं हे संरक्षण आपल्या हातून मोडू नये.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार चौकशीत असेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ वाचा. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार, यांची ओळख आणि चौकशीचं कामकाज प्रसिद्ध करता येत नाही. अल्पवयीन मुलांबाबत पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३. आणि कुणाचंही नाव घेऊन आरोप करण्याआधी न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ लक्षात घेऊन वकिलाला रेकॉर्डिंग ऐकवा. बाई खरं बोलतेय हे तुम्हाला माहीत असतं, पण नोटीस आली तर ती तिच्या दारात येते, आणि वकिलाचे पैसे तिच्याकडे नसतात.

संगीतासाठी सिनेमाची गाणी नकोत, हक्कांचा प्रश्न येतो. गटातल्या आजीची ओवी रेकॉर्ड करा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह नोंदल्या. 'पारंपरिक' एवढं लिहून मोकळं होता आलं असतं, पण त्यांनी तसं केलं नाही. तुमच्या श्रेयनामावलीतही ओवी म्हणणारीचं नाव घ्या.

आठवी पायरी: प्रसिद्ध करा, आणि एकत्र ऐका

२० ते २५ मिनिटांचा भाग पुरे. बोलणं मोनोमध्ये, ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये काढलं तर २० मिनिटं जेमतेम १० एमबीत बसतात. डेटा पॅक संपत आलेली बाई ते उतरवू शकते. आवाजाची पातळी मोनोला उणे १९ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं माप) आसपास ठेवा, म्हणजे गाडीच्या खडखडाटातही बोलणं कळतं. होस्टिंगची (भाग इंटरनेटवर साठवायची) फुकट सोय निवडताना आरएसएस फीड (ॲपपर्यंत तुमचे भाग पोचवणारा दुवा) तुमच्या नावावर राहते का आणि ती दुसरीकडे हलवता येते का, एवढं बघा.

पण नुसतं ॲपवर टाकून थांबू नका. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने गावोगाव श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. लोक एकत्र बसून ऐकत आणि मग चर्चा करत. आम्ही तेच चाळीच्या गच्चीवर, अंगणवाडीत, बचतगटाच्या बैठकीत करतो. छोटा स्पीकर, वीस बायका, वीस मिनिटं ऐकणं आणि तासभर बोलणं. स्वतःच्या फोनवर असला विषय ऐकायची ज्यांना घरात सोय नाही, त्यांच्यापर्यंत भाग असाच पोचतो. पुढच्या भागाचे विषयही तिथेच निघतात. सार्वजनिक मुतारीचा भाग आम्हाला असाच सुचला. नाक्यावर भाजी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी सकाळपासून पाणीच पीत नाही."

शिव्या येतील तेव्हा

येतातच. आवाजावर येतील, आडनावावर येतील, बलात्काराच्या धमक्याही येतील. कमेंट वाचायचं काम एकीकडे कायम ठेवू नका, आठवड्याला बदला. धमकी असेल तर उत्तर देण्याआधी आणि पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि लिंक दिसली पाहिजे. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पोलीस ठाण्यात दोघी-तिघी मिळून जा. घरच्यांना आधीच विश्वासात घ्या, नाहीतर शिव्या बाहेरचे देतात आणि पॉडकास्ट घरचे बंद करतात.

पहिल्या भागाच्या दिवशी

मूळ रेकॉर्डिंगच्या दोन प्रती ठेवा, एक गटाच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. ज्यांची ओळख लपवायची आहे त्यांच्या मूळ फाईलवर नाव न घालता फक्त आकडा घाला. आकडा आणि नाव जुळवणारी वही वेगळ्या घरात, कुलपात ठेवा. ज्यांना आपलं नाव हवंय त्यांचं नाव त्या सांगतील तसंच लिहा. कुणी माहेरचं आडनाव लावेल, कुणी आईचं, कुणी कुठलंच नाही. आणि प्रत्येकीला तिच्या बोलण्याची पूर्ण, न कापलेली फाईल पेन ड्राईव्हवर द्या, घरी ठेवणं सुरक्षित नसेल तर तिच्या नावाने गटाकडे ठेवा. आमच्याकडे एका कपाटात अशा अकरा पेन ड्राईव्ह आहेत, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. मालकिणी अधूनमधून येतात, हेडफोन लावून आपलंच बोलणं ऐकतात आणि परत कपाटात ठेवून जातात.